एक मे, निकाल आणि झेंडा: रामटेकच्या वर्गात राष्ट्रीय दिवस शिकवायचे कसे?



ज्यांचा आजचा डेटा संपलाय, किंवा जे एसटीत बसलेत आणि खिडकीच्या खडखडाटात ज्यांना काहीच ऐकू येत नाहीये, त्यांच्यासाठी हा पूर्ण भाग इथे लिहून ठेवलाय. बोलले तसंच ठेवलंय. फक्त माझे 'अं' आणि 'म्हणजे बघा' तेवढे काढून टाकलेत.

आज आपण रामटेकला आहोत. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर. डोंगरावर गडमंदिर, पायथ्याशी अंबाळा तलाव, आणि बाजूला आमचं गाव. मी इथलीच. इथेच शिकले.

तर आधी एक कबुली देते.

आमच्या शाळेत १ मेला दोन गोष्टी व्हायच्या. आधी झेंडावंदन, मग निकाल. सकाळी सात-साडेसातला रांगा लागायच्या, पण तेवढ्यातही ऊन चटकायला लागलेलं असायचं. विदर्भातला मे महिना, सांगायला नको. आणि झेंड्याकडे लक्ष कुणाचं? सगळ्या पोट्ट्यांचे डोळे सरांच्या हातातल्या निकालाच्या गठ्ठ्यावर. पाचवीत असताना माझं भाषण होतं. मी काय केलं, तर आदल्या वर्षीचं १५ ऑगस्टचं भाषण जसंच्या तसं पाठ करून आले. 'आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आजच्या दिवशी आपला देश इंग्रजांच्या गुलामगिरीतून मुक्त झाला.' एक मेला!

कोणी हटकलं नाही. टाळ्या पडल्या. गोळ्या-बिस्किटं मिळाली. निकाल घेऊन घरी गेले.

हा किस्सा मी खूप वर्षं विनोद म्हणून सांगायचे. मग मागच्या वर्षी इथल्याच एका शाळेतल्या मॅडमशी बोलणं झालं. त्या म्हणाल्या, 'अगं, आजही तसंच आहे. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट यात फरक काय, विचारलं तर सातवीतली मुलं गोंधळतात. आणि एक मेला काय झालं होतं, हे तर त्यांच्या आईबापांनाही नीट सांगता येत नाही. शिकवायचं कसं?' तेव्हा लक्षात आलं की हा विनोद फक्त माझ्यावरचा नाही. ज्या दिवशी कोणतंही भाषण चालतं, त्या दिवसाबद्दल आपल्याला काहीच माहीत नसतं.

तर आजचा भाग हे त्या मॅडमना दिलेलं उत्तर आहे. थोडं लांबलंय, पण ऐका.

तिथी आणि तारीख

सुरुवात गडावरून करू. रामटेकच्या पोरांना त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा शिकवावी लागत नाही. रामनवमी शिकवावी लागत नाही. गर्दी दिसते, दुकानं लागतात, घरात पाहुणे येतात. आपोआप कळतं. हे दिवस तिथीने येतात. चंद्र बघून ठरतात.

राष्ट्रीय दिवस तारखेने येतात. आणि तारीख माणसं ठरवतात. बसून, चर्चा करून, कधी भांडून. म्हणूनच प्रत्येक तारखेला विचारता येतं, 'हीच तारीख का?' वर्गात पहिला प्रश्न हाच विचारायचा.

करून बघू. १५ ऑगस्ट का? कारण लॉर्ड माउंटबॅटन यांनी ती निवडली. १५ ऑगस्ट १९४५ ला जपानने शरणागती जाहीर केली होती, आणि तेव्हा माउंटबॅटन आग्नेय आशियातल्या दोस्त सैन्याचे सर्वोच्च सेनापती होते. त्यांच्या आयुष्यातली ती मोठी तारीख. म्हणजे आपल्या स्वातंत्र्यदिनाची तारीख आपण निवडलेली नाही.

मग आपण निवडलेली तारीख कोणती? २६ जानेवारी. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथे पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. त्यानंतर ठरलं की २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळायचा. हो, स्वातंत्र्यदिन! पुढे १९४७ पर्यंत लोक २६ जानेवारीलाच स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेत होते. तुमच्या पणजोबांना विचारता आलं असतं, तर त्यांनी कदाचित २६ जानेवारी हाच स्वातंत्र्यदिन सांगितला असता.

म्हणूनच संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं गेलं, तरी ते पूर्णपणे लागू करायला दोन महिने थांबले. २६ जानेवारी १९५० उजाडायची वाट बघितली. जुनी तारीख वाया जाऊ नये म्हणून. पोरांना हे सांगितलं ना, की फरक विसरत नाहीत. १५ ऑगस्टला राज्य आपल्या हाती आलं, २६ जानेवारीला ते कोणत्या नियमांनी चालवायचं याचं पुस्तक लागू झालं. आणि ती दुसरी तारीख आपली स्वतःची होती.

झेंड्याची दोरी बघायला सांगा. १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढतो, म्हणून ते ध्वजारोहण. २६ जानेवारीला तो आधीच वर बांधलेला असतो, दोरी ओढली की फुलांच्या पाकळ्यांसकट उलगडतो. कारण १९५० मध्ये झेंडा आधीच वर होता. खाली उतरवायला दुसरा कुणाचा झेंडा उरला नव्हता.

रामटेक त्या दिवशी कुठे होतं?

आता दुसरा प्रश्न, आणि हा माझा आवडता. प्रत्येक राष्ट्रीय दिवसाला विचारायचं, 'त्या दिवशी आपलं गाव कुठे होतं?'

पोरं हसतात. गाव कुठे जाणार? इथेच होतं की. हो, गाव इथेच होतं. पण त्याच्यावरची पाटी बदलत होती.

बघा. १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. औरस वारस नाही म्हणून डलहौसीने राज्य खालसा केलं. मग १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, राजधानी नागपूर. पुढे त्याला वऱ्हाड जोडलं गेलं आणि नाव झालं मध्य प्रांत व वऱ्हाड. १५ ऑगस्ट १९४७ ला रामटेक याच प्रांतात होतं. मुंबईशी आपला कारभाराचा काही संबंध नव्हता.

२६ जानेवारी १९५० ला, पहिल्या प्रजासत्ताकदिनाला, रामटेक कुठे होतं? मध्य प्रदेशात. चुकून बोलले नाही मी. मध्य प्रांत व वऱ्हाडचं नवं नाव मध्य प्रदेश झालं होतं, आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. विधानसभा नागपुरात, हायकोर्ट नागपुरात.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. हे द्विभाषिक मुंबई राज्य एवढं मोठं होतं की कच्छ, सौराष्ट्र, गुजरात, मुंबई, मराठवाडा आणि आपण, सगळे एकाच राज्यात. म्हणजे साडेतीन वर्षं भूज आणि रामटेक एकाच विधानसभेखाली होते! मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली, हायकोर्ट जबलपूरला.

आणि १ मे १९६० ला त्या मोठ्या राज्याचे दोन भाग झाले. महाराष्ट्र आणि गुजरात. म्हणून गुजरातचाही स्थापना दिवस १ मेच असतो.

आता वर्गातला खेळ. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाचं जन्मवर्ष विचारून यायचं. १९४९ मध्ये जन्मलेले आजोबा जन्माने मध्य प्रांत व वऱ्हाडचे. १९५३ मधल्या आजी मध्य प्रदेशच्या. १९५८ मधले मोठे काका मुंबई राज्याचे. आणि सगळे जन्मले एकाच घरात, एकाच खोलीत! ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांनी ते बघायचे. आपल्याकडे जातीच्या दाखल्यासाठी कोतवाल पंजीची नक्कल काढलेली असते, शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरचा उतारा असतो. पेटीत पडून असलेला तो पिवळा कागद इतिहासाचाच कागद आहे, हे पोरांना पहिल्यांदा कळतं. आणि आजीला पहिल्यांदा कुणीतरी विचारतं, 'आजी, त्या दिवशी तू काय करत होतीस?'

तेव्हा झेंडा नेणं हा गुन्हा होता

आता एक मेकडे येऊ. पण १९६० च्या नाही. त्याच्या ३७ वर्षं आधीच्या.

मार्च १९२३. जबलपूर. तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीवर काँग्रेसचा झेंडा लावण्यावरून वाद पेटला. इंग्रज अधिकाऱ्याने झेंडा उतरवायला लावला. लोक चिडले. आणि हा वाद नागपुरात आला. का? कारण जबलपूर आणि नागपूर तेव्हा एकाच प्रांतात होते. सरकार एक, राजधानी नागपूर. आजही जबलपूरहून नागपूरला येणारा मोठा रस्ता मनसरवरूनच येतो, रामटेकपासून पाच-सहा किलोमीटरवर. नकाशा लक्षात असला की इतिहासातल्या अशा उड्या समजतात.

१३ एप्रिल १९२३, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी नागपुरात झेंड्याची मिरवणूक निघाली. ती सिव्हिल लाइन्सकडे चालली होती. सिव्हिल लाइन्स म्हणजे साहेबांची वस्ती. पोलिसांनी अडवलं, मारहाण झाली. झेंडा घेऊन तिकडे जायचं नाही, असा हुकूम. मग ठरलं, जायचंच. १ मे १९२३ पासून रोज तुकड्या निघायच्या. हातात झेंडा, तोंडाने घोषणा. ठरावीक जागी पोलीस उभे. अटक. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. पुन्हा अटक.

यालाच म्हणतात नागपूरचा झेंडा सत्याग्रह.

नेतृत्व होतं वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचं. जूनमध्ये त्यांनाही पकडलं. दीड वर्षाची शिक्षा आणि वर दंड. त्यांनी दंड भरला नाही, तर त्यांची मोटार जप्त झाली, आणि लिलावात ती घ्यायला नागपुरात कुणी पुढे आलं नाही, अशी गोष्ट सांगितली जाते. हा प्रसंग वर्गात करून बघा. एकाने लिलाव पुकारायचा, बाकीच्यांनी गप्प बसायचं. गप्प बसणं हाही सत्याग्रह असू शकतो, हे पोरांना लगेच समजतं. बोलून समजावायला तास गेला असता.

विनोबा भावे या सत्याग्रहात तुरुंगात गेले. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून सत्याग्रही नागपूरच्या गाडीत बसले. बजाज तुरुंगात गेल्यावर सूत्रं हाती घ्यायला गुजरातहून वल्लभभाई पटेल आले. तेव्हा ते 'सरदार' नव्हते, ते नाव बार्डोलीनंतर, म्हणजे १९२८ मधलं. शेवटी १८ ऑगस्ट १९२३ ला झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून पार गेली. पोलीस बघत राहिले. त्यानंतर कैदी सुटले.

जिंकलं कोण? इथे गंमत आहे. सरकार म्हणालं, यांनी आमची परवानगी घेतली, म्हणून जाऊ दिलं. काँग्रेस म्हणाली, आम्ही काही परवानगी मागितली नाही. दोघंही आपापल्या जागी जिंकले. मुलांना दोन्ही बाजू सांगा आणि विचारा, 'तुम्ही नागपूरच्या वर्तमानपत्राचे संपादक असता, तर मथळा काय दिला असता?'

आणि तो झेंडा आजचा नव्हता, हेही सांगायचं. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल, आणि त्यावर मोठा चरखा. १९३१ मध्ये रंग बदलले, केशरी आला. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने चरख्याच्या जागी अशोकचक्र असलेला आजचा झेंडा स्वीकारला. वर्गात खडूने दोन्ही झेंडे काढायला लावा. 'हा कुठल्या देशाचा, मॅडम?' असं कुणीतरी विचारणारच. मग सांगायचं, 'बेटा, हा आपलाच. याच्यासाठी नागपुरात लोक तुरुंगात गेले.'

आज झेंडावंदनाला उन्हात उभं राहायचा कंटाळा येतो. येणारच, मलाही यायचा. पण ज्या नागपूरला आपण मेट्रोने फिरतो, तिथे झेंडा हातात धरून सरळ रस्त्याने चालणं हा एकेकाळी गुन्हा होता. हे एकदा ऐकलेलं पोरगं रांगेत थोडं वेगळं उभं राहतं. सगळंच नाही. पण एखादं.

प्रभातफेरीचंही तसंच. आपण ती शाळेचा कार्यक्रम म्हणून काढतो. १९३० च्या सविनय कायदेभंगात लोक पहाटे गाणी म्हणत गल्लीगल्लीतून फिरायचे, बंदी असली तरी फिरायचे. आपली प्रभातफेरी तिचीच नात.

विदर्भातल्या अशा ठिकाणी तारखा आणि तिथ्या कधी एकत्रही येतात. १६ ऑगस्ट १९४२ ला चंद्रपूरकडच्या चिमूरला आणि वर्ध्याकडच्या आष्टीला लोकांनी उठाव केला, गोळीबार झाला, माणसं गेली. त्या दिवशी नागपंचमी होती. सणाच्या दिवशी गाव रस्त्यावर आलं होतं. १५ ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी, सुट्टी संपून शाळा भरते ना, तेव्हा पाच मिनिटं या दोन गावांसाठी काढता येतील.

अवघड भाग: १ मे १९६०

आता ज्यासाठी मॅडमनी मुळात विचारलं होतं, ते.

१ मे हा कामगार दिनही आहे. भारतात तो पहिल्यांदा १ मे १९२३ ला मद्रासमध्ये सिंगारवेलू यांनी साजरा केला. बघा, तोच दिवस. मद्रासला लाल बावटा आणि नागपूरला चरख्याचा झेंडा, एकाच दिवशी. मनसरच्या मॅंगनीज खाणीत किंवा विटाभट्टीवर ज्यांच्या घरची माणसं राबतात, त्या मुलांना ही सुट्टी आपल्या घराची आहे, हे सांगायला विसरू नका.

आणि महाराष्ट्र दिन. पुस्तकात वाचतो ते खरंच आहे. मराठी माणसांचं एक राज्य व्हावं, मुंबईसह व्हावं, म्हणून मोठा लढा झाला. गोळीबारात माणसं मेली. ज्यांना आपण १०६ हुतात्मे म्हणतो, त्यांचं स्मारक मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ आहे, म्हणून तो हुतात्मा चौक. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री.

पण रामटेकमध्ये याच दिवशी तुम्ही नागपूरच्या बातम्या लावल्या, तर दुसरंही दिसतं. स्वतंत्र विदर्भ मागणारे काही लोक १ मे हा काळा दिवस म्हणून पाळतात. वर्गातल्या पोराच्या मोबाईलवर ते येतं. त्याने विचारलं, 'मॅडम, हे लोक काऊन विरोध करतात?' तर काय सांगायचं?

बरेच शिक्षक विषय बदलतात. मी समजू शकते. नोकरी आहे, गाव आहे, उगाच वाद नको. पण माझं मत असं की इथेच खरं शिकवणं सुरू होतं. आणि सांगायला भरपूर ठोस गोष्टी आहेत. कुणाची बाजू घ्यायची गरज नाही.

१ ऑक्टोबर १९३८ ला मध्य प्रांताच्या विधिमंडळाने महाविदर्भाचा वेगळा प्रांत करावा, असा ठराव केला होता. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. त्यात विदर्भातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नेत्यांनी ठरवलं की विदर्भ मराठी राज्यात येईल, पण नोकऱ्यांत, निधीत योग्य वाटा मिळेल आणि विधिमंडळाचं वर्षातलं एक अधिवेशन नागपुरात होईल. डिसेंबरात नागपुरात जे हिवाळी अधिवेशन असतं, ज्याच्यामुळे रस्ते बंद होतात आणि आपली बस अडकते, ते या करारातून आलंय. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने तर विदर्भाचं वेगळं राज्य करा, अशी शिफारस केली होती. बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी हे वेगळ्या विदर्भाच्या बाजूचे. दुसरीकडे विदर्भातलेच कितीतरी लोक मनापासून संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचे. भाषा एक, मग राज्य एक का नको? आणि राजधानी गेली, हायकोर्ट गेलं, मग आपल्या हाती काय राहिलं? दोन्ही प्रश्न आपल्या आजोबांच्या ओट्यावरचेच होते.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. २०२३ मध्ये महाराष्ट्राने जे गीत राज्यगीत म्हणून स्वीकारलं, शाहीर साबळ्यांच्या आवाजात जे आपण लहानपणापासून ऐकलं, ते लिहिलंय राजा बढे यांनी. आणि राजा बढे जन्माने नागपूरकर! ज्या शहराने राजधानीपण गमावलं, त्याच शहरातल्या माणसाने नव्या राज्याला त्याचं गाणं दिलं. त्यामुळे 'विदर्भ अमुक बाजूचा' असं एका ओळीत म्हणता येत नाही.

हे सगळं सातवी-आठवीच्या पोरांना झेपतं का? झेपतं. त्यांच्या घरात वाटण्या झालेल्या असतात, काका वेगळे झालेले असतात. एकत्र राहावं की वेगळं व्हावं, यात दोन्ही बाजूंना कारणं असतात, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना निष्कर्ष देऊ नका, तारखा आणि कारणं द्या. वयात आल्यावर ठरवतील.

मग वर्गात नेमकं काय?

शिकवायची पद्धत तर आपल्या शेजारीच जन्मली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती, गांधीजी अध्यक्ष. त्यातून झाकीर हुसेन यांची समिती आली आणि नई तालीम आली. हाताने करा, आजूबाजूला बघा, त्यातून शिका. २ ऑक्टोबरला झाडू घेऊन फोटो काढतो ना आपण, त्याऐवजी त्या दिवशी सेवाग्रामचा हा विचार अर्धा तास करून बघावा.

म्हणून मॅडमना मी एवढंच सांगितलं. भाषण स्पर्धा बंद करू नका, पण एक नियम घाला. प्रत्येक भाषणात एक वाक्य असं हवं, जे इंटरनेटवर सापडणार नाही. जे घरातून विचारून आणलंय. आजीचं, शेजारच्या कोतवालकाकांचं, बाजारातल्या पानवाल्या आजोबांचं. आणि दोन प्रश्न फळ्यावर कायम लिहिलेले असू द्या. 'हीच तारीख का?' आणि 'त्या दिवशी आपलं गाव कुठे होतं?'

जमलं तर एक सहलही. नागपूरचा सीताबर्डी किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, एरवी आत जाता येत नाही. पण २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला तो लोकांसाठी उघडतो. याच टेकडीवर नोव्हेंबर १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली आणि आपण हरलो. आज त्याच किल्ल्याचं दार आपल्या राष्ट्रीय दिवसाला उघडतं. सकाळी शाळेत झेंडावंदन, मग गाडी धरून नागपूर. निघायच्या आधी चौकशी मात्र करा, आणि पाण्याच्या बाटल्या भरून घ्या.

जाता जाता

मॅडमनी हे करून बघितलं. या १ मेला त्यांनी मला बोलावलं होतं. निकालाचा गठ्ठा टेबलावर तसाच होता, पोट्ट्यांचे डोळेही त्याच्यावरच होते. ते काही बदलणार नाही. पण सहावीतली एक मुलगी उठली. तिने 'आदरणीय व्यासपीठ' म्हटलं नाही. ती म्हणाली, 'माझी आजी १९५४ मध्ये रामटेकमध्ये जन्मली, तेव्हा ती मध्य प्रदेशची होती. दोन वर्षांची झाली तेव्हा ती मुंबई राज्याची झाली. सहा वर्षांची झाली तेव्हा महाराष्ट्राची झाली. मी आजीला विचारलं, तुला कसं कळलं? आजी म्हणाली, मला काही कळलं नाही, मी अंगणात खेळत होते.'

सगळे हसले. मग मुख्याध्यापकांनी विचारलं, 'कुणाची आजी आजोबा अजून आहेत, हात वर करा.' बरेच हात वर गेले.

त्या हातांसाठी फार वर्षं उरलेली नाहीत, मंडळी. १९६० मध्ये कळत्या वयात असलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. फोन तुमच्या हातात आहेच. त्यात रेकॉर्डरही आहे. या रविवारी गावी फोन लावा, किंवा शेजारच्या खोलीत जा आणि विचारा, 'त्या दिवशी तुम्ही कुठे होता?' उत्तर दोन मिनिटांचं असेल तरी मला पाठवा. पुढच्या भागात आपण ती ऐकू.

तोवर काळजी घ्या, ऊन सांभाळा. भेटू पुढच्या भागात.